तूरडाळीतला खडा

वन्सं, तो खडा तूरडाळीतला होता.

झालं सांगून. तुमच्या फोटोसमोर बसून लिहिते आहे आणि फोटोतसुद्धा तुम्ही चष्म्याच्या वरून बघताय. बघा. आज मी दबणार नाही. आज तुमचा इतका राग आला आहे की फोटो उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवावा असं सकाळपासून मनात येतंय. माझ्या नातीने, सईने, ताजा हार घातला आहे. तो विसकटेल म्हणून तुम्ही वाचलात.

आधी माझा मूर्खपणा सांगून टाकते, म्हणजे तुमच्याकडे वळायला मी मोकळी.

लग्न होऊन बडोद्याला, वाडी भागातल्या त्या दोन खोल्यांत आले तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत होते. आपल्याला सगळं कळतं आणि बाकीच्यांना आपण सहज गुंडाळू शकतो, अशी माझी समजूत होती. पहिल्या अर्ध्यातली हवा लवकरच गेली. दुसऱ्या अर्ध्यातली जायला परवाचा दिवस उजाडावा लागला.

वर्षभरातच माझ्या कुशीत दुखायला लागलं. फरशीवर आडवी पडून मी आईला हाका मारायची. एक्स-रे काढून डॉक्टर म्हणाले, मूतखडा आहे, बारीक आहे, भरपूर पाणी प्या, पडून जाईल. फडक्यातून गाळून बघत जा आणि पडला की आणून दाखवा. तुमचे भाऊ, म्हणजे आमचे हे, रेल्वेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि ड्यूटीवर निघून गेले. तुम्ही मात्र पदर खोचलात. टेलिफोन ऑफिसातली रात्रपाळी करून यायचात, आंघोळ उरकायचात आणि माझ्यासाठी कुळीथ शिजत घालायचात. मीठ नाही, गूळ नाही, वरून पानफुटीची पानं ठेचून. पेलाभर कढण, रिकाम्या पोटी, तुमच्या डोळ्यांसमोर उभं राहून. नवी भावजय म्हणून काही सूट नाही. घोड्याचं खाणं मला घालताहेत, आता लगाम तेवढा आणायचा राहिलाय, असं मी ह्यांच्यापाशी कुरकुरले, तर ह्यांनी ते हसत हसत तुम्हाला जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पेला मोठा झाला.

मग तुमची पाठ वळली की मी कढण तुळशीत ओतायला लागले. तुळस वाळली. मी आणखी वाळले, कारण उरलेलं प्यावं लागतच होतं. शेवटी एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत मला एक बशी दिसली. डाळ निवडताना कोणीतरी बाजूला काढलेला खडा तिच्यात होता. करडा, मुगाएवढा, एका अंगाने टोकदार. मी तो उचलला, गाळायच्या फडक्यात ठेवला आणि मोरीतून हाक मारली, "वन्सं, पडला."

तुम्ही तो तळहातावर घेऊन दिव्याखाली गेलात. बराच वेळ बघितलात. मग म्हणालात, "चांगलाच मोठा आहे की गं. जीव गेला असेल तुझा." आणि मी बावळट लगेच डोळ्यांत पाणी आणून भिंतीला टेकले. नाटक कंपनीत असते तर पहिल्याच प्रयोगाला हाकलली असती मला.

त्या दिवशी ह्यांनी गल्लीत पेढे वाटले, घरी बटाट्याचा ओला, हिरवा लीला चिवडा आणला. कढण बंद झालं. आणि पुढच्याच आठवड्यात माझा खरा खडा हलला. आता कोणत्या तोंडाने सांगू? पडून गेलेला खडा दुखतो कसा? मी दात आवळून कधी पित्त म्हणायची, कधी कंबर लचकली म्हणायची. पित्त म्हटलं की तुम्ही गरम पाण्याची पिशवी आणून माझ्या कुशीला लावायचात आणि कळ जाईपर्यंत शेजारी बसून राहायचात. पित्ताला कुशीत शेक कशाला, हे विचारण्याची अक्कल मला नव्हती. तो खरा खडा पुढे माहेरी, मिरजेला, एका दुपारी न्हाणीघरात निमूट पडला. मी त्याला अंगठ्याने मोरीत ढकलला. खोट्याला पेढे, खऱ्याला मोरी.

खोटा मात्र तुम्ही डॉक्टरांकडे न नेता पितळेच्या काजळाच्या डबीत घालून ठेवलात. जपून. माझं मंगळसूत्र मी इतकं जपलं नाही.

इथून तुमचा व्याप सुरू झाला. कोणाची कूस दुखली की वाडीतली माणसं आपल्या दाराशी. तुम्ही त्यांच्या सुमनबेन. सुमनबेन, कळथीनो काढो आपो ने, कुळथाचं कढण द्या ना. तुम्ही फडताळातून डबी काढायचात, उघडून दाखवायचात, "हा आमच्या कमलचा." मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून उभी. लोक तो खडा बोटाने उलटासुलटा करून बघायचे, माझ्याकडे आदराने बघायचे. एकीने तर मला नमस्कार केला होता. पण एक होतं, आलेल्या माणसाला तुम्ही आधी डॉक्टरकडे पिटाळायचात. फोटो काढून आण, दाखव, मग कढण. "कढण कुठे पळून जात नाही," हे तुमचं ठरलेलं वाक्य. मला वाटायचं, वन्सं सावध आहेत. मला काय काय वाटायचं याची यादी केली तर सई पोट धरून हसेल.

आपण शहराच्या नव्या भागात, समाला, फ्लॅटमध्ये राहायला आलो तरी वाडीहून एखादी रिक्षा यायचीच. तुम्ही निवृत्त झाला होतात, आमचे हे गेले होते, माझा मुलगा आणि सून सकाळी कामावर निघून जायचे. घरात आपण दोघी, तुमचा कुळीथ आणि माझी बडबड. तुम्ही बोलायचात कमी. ट्रंक बोर्डावर आयुष्यभर लोकांचं ऐकलं, आता माझं बोलायचं राहिलंच नाही, म्हणायचात.

त्या बोर्डाचं एक सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय माझा राग कोणाला कळायचा नाही. बाकीच्या ऑपरेटर बायका कॉल जोडून द्यायच्या आणि पुढच्या दिव्याकडे वळायच्या. तुम्ही दोन्हीकडच्यांना एकमेकांचं ऐकू येतंय याची खात्री झाल्याशिवाय लाईन सोडायचा नाहीत. "लाईनवर राहा, मी आहे," असं सांगायचात. माझी आई गेली त्या दिवशी मिरजेची लाईन तुम्हीच लावून दिलीत. पलीकडे दादाने आईच्या कानाला रिसीव्हर धरला होता आणि मी इकडे नुसती रिसीव्हरची वायर पिळत होते. मध्येच तुमचा आवाज आला, "कमल, बोल. आई ऐकतेय. मी आहे लाईनवर." मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण बोलले. त्याबद्दल तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती. मी तुमची नक्कल करायची, तुम्ही पेला मोठा करायचात, असं आपलं चालायचं.

नकला मात्र मी सगळ्या केल्या. लिफ्टमध्ये तुम्ही भिंतीला पाठ लावून डोळे मिटता ती केली. मॉलमधल्या सरकत्या जिन्यापाशी तर कहर केला. तुम्ही पायथ्याशी माझा हात घट्ट धरून उभ्या होतात, पाऊल पुढे टाकून मागे घेत होतात. मला हुक्की आली. मी हात सोडवून घेतला आणि एकटीच वर निघाले. वरून वाकून म्हटलं, "वन्सं, लाईनवर राहा." सई हसली, मागची मुलं हसली. तुम्ही वळलात, साधा जिना शोधलात, एकेक पायरी चढून वर आलात आणि घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत. मी ते सगळं पुढे आल्यागेल्याला रंगवून सांगितलं. तुमच्या देखत.

मग यंदा तुमची पाळी आली. कूस धरून तुम्ही ओट्याला टेकलात आणि मी बघितल्याबरोबर ओळखलं. मला ओळखायचा हक्कच होता. स्कॅनमध्ये डाव्या बाजूला एक मोठा खडा निघाला आणि एक धाकटा खाली नळीत येऊन बसलेला. सईने शोधून ते डॉक्टर काढले. गुजराती, पण लहानपण पाणीगेटला मराठी शेजारात गेलेलं, म्हणून आपल्याशी मराठीतच बोलले, मधूनमधून 'ने' लावून. मला आवडले. तुम्हालाही आवडले होते, नाही म्हणू नका. तुम्ही त्यांना त्यांच्या पोळाचं, म्हणजे जुन्या गल्लीचं, नाव विचारलं होतंत.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. कापायचं नाही, टाका नाही. लघवीच्या वाटेनेच एक बारीक, वळणारी दुर्बीण आत जाणार. ती हातात धरायची, तर खडा मोठा असला की डॉक्टरांचा खांदा भरून येतो, हात जडावतो. म्हणून आता ती यंत्राच्या हातात द्यायची. डॉक्टर त्याच खोलीत, पण जरा लांब, पडद्यासमोर बसणार आणि बोटांनी फिरवणार. ते बोटभर फिरवतील तेव्हा आतली दुर्बीण केसभर फिरेल. श्वासाबरोबर मूत्रपिंड वरखाली होतं, यंत्राचा हात तरीही थरथरत नाही. दुर्बिणीतून लेसरची तार जाणार, खड्याची भुकटी करणार. नंतर काही दिवस आत एक नळी ठेवायची, मग तीही काढायची. तुमच्या वयाला हेच बरं, ते म्हणाले. पण मूत्रनळीतला धाकटा खडा वाट अडवून बसलाय, फार दिवस थांबू नका. आणि हे त्यांनी मला आणि सईला बोट उचलून सांगितलं, की थंडी वाजून ताप आला तर फोन करत बसायचं नाही, सरळ घेऊन यायचं.

तुम्ही बोर्डावरची बाई. तुम्ही विचारलंत, मधली लाईन तुटली तर? डॉक्टर खूश झाले. म्हणाले, तर मी उठून येणार, दुर्बीण हातात घेणार, आजवर घेत आलो तशीच. तुम्ही मान हलवलीत. मग विचारलंत, त्या यंत्राशी कोण असतं? ते म्हणाले, माझा सहायक, सिस्टर, भूल देणारे डॉक्टर. तुम्ही म्हणालात, "आणि मी झोपलेली." ते म्हणाले, "हो, तुम्ही गाढ झोपलेल्या."

तुम्ही ते चित्र पुन्हा हातात घेतलंत. तेव्हा मी गप्प राहायला हवं होतं. पण मी म्हटलं, वन्सं, सांभाळा हं, रोबोटने राँग नंबर लावला तर मूत्रपिंडाऐवजी जठरात निघेल. डॉक्टर हसले. सई हसली. तुम्ही हसला नाहीत, ते मी बघितलं. बघितलं, आणि आणखी एक विनोद केला.

घरी आल्यावर तुम्ही चप्पल काढता काढता म्हणालात, "मी नाही करणार ते. कढण घेईन. तुझा पडला, माझाही पडेल."

वन्सं, माझ्या हातातली किल्ली कुलपातच राहिली. वाडीतली ती बशी एकदम डोळ्यांसमोर आली. माझ्या खोट्या खड्याच्या भरवशावर तुम्ही तुमचा खरा खडा अंगात ठेवणार होतात. मी मुलाला पुढे केलं, सईला पुढे केलं. सईने मोबाइलवर त्या ऑपरेशनची चित्रं दाखवली. तुम्ही शांतपणे बघितलीत, छान आहे म्हणालात आणि कुकरला कुळीथ लावलात.

शेवटी एका दुपारी गॅलरीत तुम्ही मेथी निवडत होतात. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. वन्सं, तो खडा माझा नव्हता. डाळीतला होता. मी तुम्हाला फसवलं. तुमच्या कढणाने कधी कोणाचा खडा पडला असेल तर पडला असेल, माझा पडला नाही.

तुमचे हात थांबले नाहीत. मेथीकडे बघतच विचारलंत, मला ऑपरेशनला पाठवायला आता हे सुरू केलंस का? मी ह्यांची शपथ घेतली, आईची घेतली, सईची घेतली, शेवटी बालाजीची घेतली. तुम्ही चष्म्याच्या वरून बघितलंत आणि म्हणालात, "कमल, खोटं बोलायला तुला आयुष्यात जमलं नाही. सोड."

आयुष्यभर माझ्या थापांना मान डोलावणाऱ्या तुम्ही, मी एकदा पोटातलं खरं बाहेर काढलं तर तेवढंच खोटं ठरवलंत. मी उठून आत गेले. रागाने भांडी इतकी जोरात घासली की शेजारीण विचारायला आली. दोन दिवसांनी तुम्ही पेन्शनचं काम आहे म्हणून एकट्याच रिक्षाने बाहेर पडलात. मी येते म्हटलं तर नको म्हणालात. मी म्हटलं, जा. आणि दार लावून घेतलं. मुद्दाम जरा जोरात.

मग तो स्वेटर. बडोद्याचा उन्हाळा, पंख्याखाली माणूस भाजतंय, आणि तुम्ही ह्यांचा जुना स्वेटर घालून खोलीत बसलेल्या. मी दारातून म्हटलं, "काय वन्सं, काश्मीरला निघालात की काय?" तुम्ही म्हणालात, एसीचा गारठा बसलाय. तुमच्या खोलीला एसी नाही. बाहेरच्या खोलीतला त्या दिवशी चालू नव्हता. हे मला कधी सुचलं? हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यावर. माझा विनोद तेव्हा इतका आवडला होता मला, की स्वयंपाकघरात जाऊन मी तो सईला सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला हाक मारली तर तुम्ही भलतंच बोलत होतात. आम्ही सरळ नेलं, फोन केला नाही, तेवढं ऐकलं. डॉक्टरांनी लगेच पाठीतून नळी घातली, आत साचलेला पू काढला, चांगली औषधं दिली. सगळं केलं. पण जंतू रक्तात भिनले होते. आयसीयूच्या काचेतून तुम्ही दिसायचात. कुणाला आत जाऊ देत नव्हते आणि मी काचेला कपाळ लावून बडबडायची. तुम्हाला ऐकू येत नव्हतं. मग तुम्ही गेलात.

राग कोणाचा येतो म्हणून विचारता? पहिला तुमचा. तापाची गोळी गुपचूप घेऊन स्वेटर घालून बसलात त्याचा. मग बेसण्याला, दुखवट्याच्या बैठकीला, आलेल्या मंडळींचा. पांढऱ्या चादरींवर बसून एकेक जण मान हलवत होता: सुमनबेन भाग्यवान हो, अंगाला सुरी लागली नाही, कोणाकडून सेवा करून घेतली नाही, अशाच गेल्या. मी ऐकलं, ऐकलं, आणि उठून उभी राहिले. म्हटलं, सुरी लागायचीच नव्हती. चारच दिवसांत घरी येऊन मला शिस्त लावत बसल्या असत्या. त्या भाग्याने गेल्या नाहीत, हट्टाने गेल्या. सगळे चपापले. सई माझा हात ओढत होती. आणि त्या शांततेत वाडीची एक बाई, चांगली शिकलेली, मला हळूच म्हणते, मासी, त्यांच्या कढणाची कृती लिहून द्याल ने?

मी म्हटलं, "आधी डॉक्टरला दाखव. कढण कुठे पळून जात नाही." ते वाक्य माझ्या तोंडून तुमच्याच आवाजात निघालं. मग मात्र मी आत जाऊन पडले.

पण खरा राग या कोणाचाच नव्हता. एक प्रश्न होता आणि तो मला जेवू देत नव्हता. माझ्या त्या खड्याने तुम्ही गेलात का? मी त्या सकाळी बशीला हात लावला नसता, तर कढणावर तुमची एवढी श्रद्धा बसली असती का? तुम्ही मुकाट्याने टेबलावर झोपला असतात, भुकटी होऊन खडा वाहून गेला असता, आत्ता समोर मेथी निवडत असतात. घरातल्यांना विचारावं तर ते माझी समजूत काढणार. समजूत काढणारं माणूस मला नकोच होतं.

म्हणून परवा तुमच्या फडताळातून ती पितळेची डबी काढली, सईला बरोबर घेतलं आणि डॉक्टरांकडे गेले. सईला बाहेर बसवलं. ठरवून गेले होते की सगळं सांगायचं, खडा दाखवायचा आणि विचारायचं, हो की नाही. मी डबी त्यांच्या टेबलावर ठेवली. झाकणाला हात लावणार तोच डॉक्टर डबीकडे बघून म्हणाले, "तूरडाळीतला ने?"

वन्सं, मी खुर्चीत बसल्या बसल्या गार पडले.

त्यांनी पाणी मागवलं आणि मग सांगितलं. तुम्ही एकट्या गेला होतात त्यांच्याकडे. पेन्शनच्या दिवशी. हीच डबी उघडून तुम्ही त्यांच्या टेबलावर ठेवलीत आणि डोळे पुसावे लागेपर्यंत हसलात. तुम्ही सांगितलंत, की डाळ मीच निवडली होती, खडाही मीच बशीत काढून ठेवला होता, आणि ही पोरगी तोच घेऊन आली. तुळशीत कढण ओतते तेही मला दिसत होतं. कंटाळली होती बिचारी, उलट्या काढत होती, मग मी सोडून दिलं. पुढे पित्त म्हणून कण्हायची तेव्हा शेकत बसायची मी. परवा तिने आपणहून कबूल केलं, पण मी दाखवलं नाही, नाहीतर मला विचारत बसली असती, मग नाही का म्हणता म्हणून.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. दिव्याखाली बराच वेळ बघत होतात ते माझ्या नाटकाला हसू येऊ नये म्हणून. वाडीभर "हा आमच्या कमलचा" म्हणून दाखवत होतात आणि मी पडद्याआड पदर चावत होते, ते तुम्ही बाहेर बसून ऐकत होतात. लोकांना आधी डॉक्टरकडे का पिटाळायचात तेही आता कळलं. कढण तुम्हाला नुसतं माणसांनी येऊन बसावं म्हणून हवं होतं, असं दिसतंय. आणि गॅलरीत, मी शपथांवर शपथा घेत असताना, तुम्ही मेथीची पानं खुडत बसलात. आयुष्यभर मी तुम्हाला गुंडाळते आहे असं मला वाटू दिलंत. इतकी लबाडी मला सात जन्मांत जमली नसती. मी वाह्यात म्हणून गावभर प्रसिद्ध, आणि तुम्ही शिस्तीच्या.

चिडले आहे मी. अजून चिडलेलीच आहे. खड्याचं ओझं उतरलं म्हणून राग उतरेल असं वाटलं होतं, तो उलट वाढला. कढणावर तुमचा विश्वास नव्हता. डॉक्टरांवर होता, एरवी तुम्ही डबी घेऊन त्यांच्याकडे गेला नसतात. यंत्राचं सगळं तुम्हाला माझ्याआधी कळलं होतं. मग अडलं होतं कशावर? मी डॉक्टरांना तेच विचारलं, आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, की सगळं माहीत असून नाही का म्हणाल्या त्या?

डॉक्टरांनी चष्मा काढला, डबीचं झाकण लावलं आणि ती माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले:

"बा, त्यांनी मला एकच विचारलं. म्हणाल्या, आमच्या कमलला आत माझ्याशेजारी उभं राहू द्याल का, ती कशाला हात लावणार नाही, नुसती बडबड करेल. मी म्हटलं, नातेवाइकांना आत घेता येत नाही ने. तर म्हणाल्या, तुम्ही लांब बसणार, ती बाहेर बसणार, मग माझ्याजवळ कोण?"